पी-२ चा खड्डा : जागतिक कंत्राट, पेटी ठेकेदार आणि यवतमाळच्या पूर्वेकडचा एक पूल

पुलाच्या मधल्या खांबाचा, म्हणजे पी-२ चा, पाया नकाशावर चार मीटरवर संपत होता. प्रत्यक्षात तो साडेसात मीटरवर जाऊन थांबला. मधल्या साडेतीन मीटरचे पैसे कोणी द्यायचे यावरून पुढं जे झालं, त्यात एक परदेशी कंपनी, तिची भारतीय भागीदार, कर्ज देणारी आंतरराष्ट्रीय बँक, राज्याचं खातं, सल्लागार इंजिनिअर आणि वणीकडचा एक ठेकेदार, एवढे सगळे ओढले गेले.

माझा धंदा कंत्राटाचे कागद वाचण्याचा. हे प्रकरण माझ्याकडे वाद पेटल्यावर, तडजोडीच्या आधी आलं. माणसं, कंपन्या आणि गाव यांची नावं देत नाही. रकमाही ओळख पटणार नाही इतपत बदलल्या आहेत, त्यांचं एकमेकींशी प्रमाण मात्र तेच ठेवलंय. वाचणाऱ्यांत गिट्टी-मुरमाचा धंदा करणारे, नुकतेच सिव्हिल करून साइटवर उभे राहिलेले असतील असं धरून लिहितो आहे.

कामाची उतरंड

आंतरराष्ट्रीय प्रकल्प म्हटलं की आपल्याकडे बुलेट ट्रेन डोळ्यांपुढं येते. पण परदेशी कर्जाचं काम गावच्या शिवारापर्यंत केव्हाच पोचलंय. महाराष्ट्रातल्या ग्रामीण रस्त्यांसाठी आशियाई विकास बँकेच्या २० कोटी डॉलर कर्जाचा करार २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाला. ३४ जिल्ह्यांतले सुमारे २,१०० किलोमीटर रस्ते त्यात होते, आणि पुढं आणखी ३० कोटी डॉलरची भर पडली. आपलं प्रकरण त्या योजनेतलं नाही, पण जात तीच. परदेशी बँकेचा पैसा, राज्याचं खातं मालक, स्वतंत्र सल्लागार कंपनी ‘द इंजिनिअर’, आणि जागतिक निविदेतून आलेला मुख्य ठेकेदार.

इथं मुख्य ठेकेदार म्हणजे जॉइंट व्हेंचर. परदेशी कंपनी पुढारी, भारतीय कंपनी भागीदार. त्यांच्याकडं एका राज्य रस्त्याच्या रुंदीकरणाचं पॅकेज होतं, त्यात चार-पाच लहान पूल. त्यांनी डांबरीकरण स्वतःकडं ठेवलं आणि पूल व मातीकाम तुकडे करून पेटी ठेकेदारांना, म्हणजे आपल्या हाताखालच्या उपठेकेदारांना, वाटलं. वणीकडच्या आपल्या ठेकेदाराला पैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका नाल्यावरचा पूल आणि दोन्ही बाजूंचे मिळून तीनेक किलोमीटरचे पोचरस्ते मिळाले. किंमत ४ कोटी ६० लाख. त्याच्याकडं स्वतःचा क्रशर, दोन पोकलेन, सात टिप्पर आणि डिप्लोमा केलेला भाचा. तोवर त्यानं जिल्हा परिषदेची आणि बांधकाम खात्याची कामं केलेली होती. तिथं भांडण झालं तर ते उपविभागीय अभियंत्याच्या टेबलावर मिटतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

या रचनेला मी सरसकट नावं ठेवणार नाही. परदेशी कंपनीला गौण खनिजाचा परवाना, रॉयल्टी, तहसीलचे हेलपाटे, कापूस वेचणीच्या दिवसांत बैलगाड्यांसाठी वाट मोकळी ठेवणं हे झेपत नाही. गावच्या माणसाला झेपतं. तुकडे पाडण्यामागचा हिशेब बरोबर होता. चूक होती ती त्या तुकड्यांबरोबर काय काय खाली सोडलं त्यात.

दोन करार, दोन घड्याळं

मुख्य करार फिडिकच्या नमुन्यावर होता. फिडिक म्हणजे सल्लागार अभियंत्यांचा १९१३ पासूनचा जागतिक महासंघ. त्याच्या १९९९ च्या लाल पुस्तकावरून विकास बँकांसाठी वेगळी आवृत्ती निघाली, तिला धंद्यात गुलाबी पुस्तक म्हणतात. २०१० ची तीच आवृत्ती इथं लागू होती. तिच्यात ४.१२ नंबरचं कलम आहे. अनुभवी ठेकेदाराला टेंडरच्या वेळी अंदाज बांधता आला नसता अशी जमीन, खडक किंवा पाणी लागलं, तर मुदतवाढ आणि झालेला खर्च मिळतो. नफा मिळत नाही. हवामान या कलमात धरत नाहीत, त्याचं वेगळं आहे. आणि २०.१ म्हणतं की घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत नोटीस द्या. नाही दिली तर हक्क गेला. तपशीलवार दावा ४२ दिवसांत.

पेटी करार २०२१ च्या ऑक्टोबरात नागपूरच्या ऑफिसात झाला. चाळीस-पन्नास पानं इंग्रजीत, मागं बीओक्यू, म्हणजे कामांची आणि दरांची यादी. ठेकेदारानं रेट पाहिले आणि सही केली. भाच्यानं तीन ठिकाणी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. त्या खुणा करार उघडला की अजून दिसतात.

पहिली खूण खोदाईच्या आयटमवर : ‘सर्व प्रकारच्या भूस्तरात, पाणी उपसण्यासह’. म्हणजे माती, मुरूम, खडक, चिखल, काहीही लागो, रेट एकच.

दुसरी नोटिशीच्या मुदतीवर. वरच्या करारात २८ दिवस, इथं १०, आणि तीही फक्त कंत्राट विभागाच्या ई-मेलवर. वरच्याला खालून आलेली नोटीस वाचून पुढं पाठवायला वेळ हवा, म्हणून खाली मुदत कमी असते. ते रास्तच आहे. पण फिडिकनं स्वतः २०११ साली पेटी कराराचा जो नमुना काढला, त्यात ही मुदत २१ दिवसांची आहे. २१ चे १० करण्यामागं सोय कमी आणि डाव जास्त दिसतो.

तिसरी खूण पैशावर. मालकाकडून मिळाले की मिळतील. इंग्लंडात असली अट १९९६ च्या कायद्यानं जवळपास मोडीत काढली, वरचा मालक दिवाळखोर झाला एवढा अपवाद सोडून. आपल्याकडं तसा कायदा नाही.

भाचा म्हणाला होता, “मामाजी, हे विचारून तर घेऊ.” मामाजींचं उत्तर, “पहिलंच काम आहे त्यांच्यासंगं, आत्तापासून काहून कटकट?” दहा टक्क्यांची, म्हणजे ४६ लाखांची बँक गॅरंटी मुख्य ठेकेदाराला दिली. बिनशर्त, मागताक्षणी वटणारी.

जमीन

यवतमाळ जिल्ह्याचा बराच भाग काळ्या बेसाल्टवर बसलाय. कपाशीची काळी माती, खाली मुरूम, मग खडक. पुलाचा पाया घ्यायला याच्याइतकी भरवशाची जमीन थोडी. पण पूर्वेला वणी, मारेगाव, झरी-जामणीकडं सरकलात की दख्खनच्या लाव्ह्याची कड येते आणि त्याच्याखालचे जुने दगड वर निघतात. वणीच्या बाजूला कोळसा, मुकुटबनच्या बाजूला चुनखडक. मुकुटबनला सिमेंट कारखाना उगाच नाही आला. आणि चुनखडकाची खोड अशी, की शतकानुशतकं पाणी मुरून त्यात भेगा रुंदावतात, पोकळ्या होतात, त्यांत माती भरते. वरून पाहिलं तर अखंड दगड.

टेंडरबरोबर दिलेल्या माहितीत नाल्याच्या दोन्ही काठांवर जमीन तपासायला मारलेले बोअर होते. दोन्हीत चार मीटरच्या आतबाहेर कठीण दगड. मधल्या पी-२ खांबाजवळ बोअर नव्हता, दोन बिंदूंमधून रेघ ओढलेली होती. ४.१० कलमाप्रमाणे मालकानं आपल्याकडची माहिती द्यायची आणि तिचा अर्थ लावायची जबाबदारी ठेकेदाराची.

६ मार्च २०२२ ला पी-२ च्या खड्ड्यात दगड लागला, पण अर्ध्याच भागात. भाच्याच्या डायरीतली त्या आठवड्यातली एक नोंद जशीच्या तशी देतो : “खोली ४.२. दक्षिण बाजू चुनखडी, घण लागत नाही. उत्तर बाजू पिवळा चिकट चिखल, सब्बल हातानं आत जाते. पाणी खालून. पंप २, रात्रभर.” पुढच्या पानावर पंपाचे तास, डिझेलचे लिटर, मजुरांची हजेरी. मुलानं हे रोज लिहिलं आणि रोज खड्ड्यात मीटरपट्टी धरून फोटो काढले. फोटो साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. त्या ग्रुपवर मुख्य ठेकेदाराचा प्लॅनिंग इंजिनिअर होता. त्यानं त्याच संध्याकाळी लिहिलं : ‘नोटेड. कठीण थर लागेपर्यंत जा.’ दुसऱ्या दिवशी सल्लागाराचा प्रतिनिधी खड्ड्याच्या काठावर उभा राहून तेच बोलून गेला, आणि खालची पोकळी काँक्रीटनं भरून घ्या म्हणाला.

तोंडी सूचनेसाठी फिडिकच्या १९९९ च्या मजकुरात एक फार कामाची तरतूद आहे. दोन कामाच्या दिवसांत तुम्ही ती लिहून कळवलीत आणि पुढच्या दोन दिवसांत समोरच्यानं लेखी नाकारलं नाही, तर तुमचं पत्रच लेखी सूचना ठरतं. चार ओळींचा ई-मेल पुरतो. इथं तो कोणीही पाठवला नाही, ना पेटी ठेकेदारानं, ना मुख्य ठेकेदारानं.

आता यातली सगळ्यात अवघड गोष्ट. पंप चालू असताना काठावरच्या शेताचा मालक पाहायला आला. म्हातारा माणूस. तो म्हणाला, “माह्या आज्यानं अठीच विहीर खंदली होती. पाणी लागे पण टिके नाही, खालच्या खाली निघून जाय. बुजवून टाकली मंग.” हे वाक्यही भाच्यानं डायरीत लिहिलं, प्रामाणिकपणे.

दाव्याच्या दृष्टीनं हे वाक्य दुधारी आहे. पोकळी जुनी, नैसर्गिक, खोलवर पसरलेली आहे हे त्यानं सिद्ध होतं. पण त्याच वाक्यानं असंही म्हणता येतं की गावात चौकशी केली असती तर टेंडरच्या आधीच कळलं असतं. मग ‘अंदाज बांधता न येण्यासारखी’ जमीन कुठं राहिली? मुख्य ठेकेदारानं पुढं नेमकं हेच आपल्या माणसाच्या अंगावर फेकलं : तुम्ही तर इथलेच, तुम्हाला माहीत असायला हवं होतं. वरच्या सल्लागारापुढं मात्र त्याच मुख्य ठेकेदाराला उलटं सांगायचं होतं, की हे कोणालाच कळणं शक्य नव्हतं.

माझ्या मते अनुभवी ठेकेदाराची कसोटी मालकानं दिलेल्या बोअरवरून आणि टेंडरला मिळणाऱ्या वेळात होणाऱ्या वाजवी पाहणीवरून लावायची असते. प्रत्येक बुजवलेल्या विहिरीचा इतिहास गोळा करणं त्यात बसत नाही. तरी खांबाच्या जागी बोअर नाही हे नकाशावर उघड दिसत होतं, आणि शेजारच्या तालुक्यात चुनखडीच्या खाणी आहेत. त्यामुळं दावा भक्कम असला तरी पूर्ण पैसे देणारा नव्हता. कोणताही निवाडा करणारा इथं काहीतरी कापणार.

होळी आणि दहा दिवस

६ मार्चपासून दहा दिवस म्हणजे १६ मार्च. १७ ला होळी, १८ ला धुळवड. मेळघाटातले आणि मध्य प्रदेशातले मजूर होळीला घरी जातात, कोणाच्या बापाला थांबत नाहीत. त्या आठवड्यात भाचा हजेऱ्या चुकत्या करण्यात आणि पंप बंद पडू न देण्यात गुंतला होता. ई-मेल गेला १९ मार्चला. तीन दिवस उशिरा.

त्याला उत्तर आलं नाही. काम चालू राहिलं, काँक्रीट भरलं, पाया साडेसातवर टेकला. जादा खर्च ३४ लाखांच्या आसपास झाला. आरए बिलात, म्हणजे काम चालू असताना निघणाऱ्या बिलात, जादा खोली मोजली गेली ती ‘सर्व प्रकारच्या भूस्तरात’ या साध्या रेटनं, आणि पोकळी भरल्याचं काँक्रीट एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, चढलंच नाही.

याच काळात दुसरा फटका बसला, त्याच्यावर मी फार थांबत नाही. २४ फेब्रुवारीला युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि पोलाद, डिझेल, डांबर सगळंच वर चढलं. आपल्या ठेकेदारानं खांबांचं स्टील मार्च-एप्रिलमध्ये घेतलं. २२ मे ला केंद्रानं पोलादावर निर्यात शुल्क लावलं आणि भाव उतरले, तोवर याचं स्टील बांधून झालं होतं. मुख्य करारात भाववाढीचं सूत्र होतं. मजुरी, पोलाद, इंधन यांचे निर्देशांक हलले की बिल हलतं. पेटी करारात स्थिर दर. म्हणजे या पुलाच्या स्टीलची भाववाढ मुख्य ठेकेदाराला मिळत होती आणि स्टील विकत घेत होता दुसराच. शिवाय परदेशी भागीदाराच्या बिलाचा काही हिस्सा डॉलरमध्ये होता आणि त्या वर्षी रुपया ऑक्टोबरात ८२ च्या पलीकडं गेला. ही काही लबाडी नव्हे, सगळं करारात लिहिलेलंच होतं. पण पॅकेजच्या पातळीवर जोखमीचं व्यवस्थापन उत्तम आहे असं बँकेला दाखवणारा तक्ता याच कामाचा होता, आणि त्यात पुलाच्या स्टीलपुढं हिरवा रंग होता.

पूर

पी-२ वेळेत वर आला असता तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत नाल्यातलं काम संपलं असतं. विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो, त्या हिशेबानंच कार्यक्रम आखला होता. खड्ड्यानं पाच-सहा आठवडे खाल्ले. २०२२ च्या जुलैत वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्यात पूर आले तेव्हा खांब अर्धा होता. वळणरस्त्याचा रपटा, सेंट्रिंग, एक पंप, सगळं वाहून गेलं. नुकसान ११ लाख.

मुख्य ठेकेदाराची कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी होती, पण पूर-वादळासाठी तिच्यातली स्वतः सोसायची रक्कम या नुकसानीपेक्षा मोठी होती. म्हणजे पेटी ठेकेदारासाठी विमा असून नसल्यासारखा. पेटी करार करताना ही एक रक्कम विचारून घ्यायला पाच मिनिटं लागतात.

मुदतवाढीसाठी मात्र त्याच्याकडं चांगला पुरावा होता, तोही घरचा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की आपल्याकडं ती अतिवृष्टी धरतात, आणि मंडळवार पाऊस महावेधच्या यंत्रांवर नोंदला जातो. पिकांचे पंचनामे झाले होते. भाच्यानं तलाठ्याकडून पंचनाम्याची प्रत आणि मंडळाची आकडेवारी घेऊन दोन्ही ई-मेलला जोडली, यावेळी चौथ्या दिवशी. फिडिकमध्ये असाधारण वाईट हवामानाला वेळ मिळतो, पैसा मिळत नाही. पण तेव्हा वेळच महत्त्वाचा होता, कारण २५ जुलैला पत्र आलं : काम मागं आहे, दंड लागू होतो, सुधारणा न झाल्यास गॅरंटी वटवू. आणि खड्ड्याचा दावा मुदतीबाहेर असल्यानं फेटाळला आहे.

बैठकीचं टिपण

ऑगस्टमध्ये साइटवर मासिक आढावा बैठक झाली. मालकाचे, सल्लागाराचे, मुख्य ठेकेदाराचे लोक. पेटी ठेकेदारांनाही बोलावलं होतं, म्हणून टिपण सगळ्यांना ई-मेलनं गेलं. त्यातला नववा मुद्दा असा, की पी-२ च्या पायाखाली अनपेक्षित भूस्तर लागल्याबद्दल मुख्य ठेकेदारानं १ एप्रिलला नोटीस दिलेली असून खर्च व मुदतवाढीचा दावा सल्लागाराच्या विचाराधीन आहे.

६ मार्चपासून २८ दिवस म्हणजे ३ एप्रिल. वरची नोटीस दोन दिवस राखून वेळेत गेली होती. तिला जोडलेले फोटो मी नंतर पाहिले. मीटरपट्टी धरलेला हात भाच्याचा.

एकाच खड्ड्याबद्दल वर ‘अंदाज करता येण्यासारखा नव्हता, पैसे द्या’ आणि खाली ‘उशीर झाला, पैसे नाहीत’ असं एकाच विभागानं लिहिलेलं. मला यात आश्चर्य वाटलं नाही. मोठ्या कंपन्यांत वर दावा करणारा आणि खालचा दावा नाकारणारा यांची टेबलं वेगळी असतात, कधी शहरंही वेगळी. पण या टिपणामुळं तीन गोष्टी पक्क्या झाल्या : घटना खरी आहे, ती मुख्य ठेकेदाराला वेळेत कळली होती, आणि आपल्या माणसाच्या तीन दिवसांच्या उशिरानं त्याचं काडीचंही नुकसान झालेलं नाही.

काय करता येत होतं

मामा-भाचे माझ्याकडे आले ते या टप्प्यावर. मामाजींचा पवित्रा काम बंद करण्याचा होता. “बंद करतो म्हणलं तर गॅरंटी वटवतीन, चालू ठेवतो म्हणलं तर डिझेल कोठून आणू?” हा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडला, आणि पेच तोच होता.

काम बंद करणं मी लगेच बाजूला काढलं. बिनशर्त बँक गॅरंटी वटवणं कोर्टातून थांबवणं आपल्याकडं फार कठीण. उघड आणि गंभीर फसवणूक किंवा भरून न येणारा अन्याय, एवढ्याच कारणांवर स्थगिती मिळते, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयानं १९८७ पासून धरून ठेवली आहे. करारावरून भांडण आहे एवढं पुरत नाही. ४६ लाख एकदा गेले की बँक त्याच्या क्रशरवरच बोट ठेवणार होती.

लवाद हा दुसरा रस्ता. कायद्याच्या बाजूनं मुद्दे होते. करार कायदा १८७२ च्या कलम २८ मध्ये १९९७ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, ठरावीक मुदत संपली म्हणून हक्कच बुडवणारी अट रद्दबातल ठरू शकते. दहा दिवसांच्या अटीवर याचा आधार घेऊन वाद घालता येतो. पण नोटिशीची अट आणि हक्क बुडवण्याची अट या एकच की वेगवेगळ्या, यावर वकील दोन्ही बाजूंनी तासन्‌तास बोलू शकतात. व्हॉट्सॲपच्या पुराव्याचं फारसं भय नव्हतं. लवादाला पुराव्याचा कायदा काटेकोर लागत नाही, तरी भाच्याला मी तो जुना फोन विकू नको, त्यातलं काही पुसू नको असं बजावलं. खरी अडचण खर्च आणि वेळेची. लवाद मुंबईत, तीन लवाद, आणि दावा जेमतेम अर्ध्या कोटीचा. एवढ्या रकमेसाठी ते गणित जमत नाही.

राहिली तडजोड. तिच्यासाठी समोरच्याची अडचण नीट मोजावी लागते. या पुलाशिवाय रस्त्याचा तो टप्पा सुपूर्द होत नव्हता, आणि टप्पा राहिला तर मुख्य ठेकेदाराला वर जो दंड बसणार होता, त्याच्या दोन महिन्यांच्या रकमेत सबंध खड्डा भरून निघाला असता. ऑक्टोबर ते मे एवढाच काळ नाल्यात काम करता येतं. दुसरा ठेकेदार आणायचा म्हटलं तर नव्यानं दर, नव्यानं क्रशर, आणि मधल्या मोजमापांचा वाद. शिवाय वरच्या दाव्याला लागणारी रोजची नोंद एकट्या भाच्याकडं होती. पंपाचे तास आणि डिझेल याशिवाय ‘खर्च’ सिद्ध होत नाही. मुख्य ठेकेदाराच्या स्वतःच्या साइट रिपोर्टमध्ये त्या आठवड्यांपुढं नुसतं ‘खोदाई चालू’ असं लिहिलेलं होतं.

इथं माझं मत स्पष्ट सांगतो. ज्याला जमीन तपासायची ना सवड होती ना यंत्र, त्याच्या गळ्यात जमिनीची जोखीम घालून मुख्य ठेकेदारानं पैसे वाचवले असं त्याच्या तक्त्यात दिसत होतं. टेंडर जिंकल्यावर पी-२ वर एक बोअर मारायला त्याला जो खर्च आला असता, तो या प्रकरणातल्या कोणत्याही आकड्यापुढं किरकोळ आहे. लहान माणसाचा पैसा संपला की काम थांबतं, आणि थांबलेलं काम वरच्याच्याच हिशेबात येतं.

सप्टेंबरची बोलणी

पत्र आम्ही एका पानाचं ठेवलं. आरोप नाहीत, ‘तुम्ही आमचे फोटो वापरले’ असली भाषा नाही. काम चालू ठेवतो आहोत, हक्क राखून ठेवतो आहोत, तुमच्या १ एप्रिलच्या नोटिशीला आधार देणारी मूळ नोंदवही आमच्याकडं आहे आणि ती द्यायला तयार आहोत. सोबत चार मागण्या. मामाजींना हे फार मऊ वाटलं. त्यांना टिपणाची प्रत मालकाकडं, जमलं तर बँकेकडंही पाठवायची होती. मी थांबवलं. मालकाचा आपल्याशी करारच नाही, मुख्य ठेकेदार पेटी ठेकेदाराच्या कामाला आपल्याच कामासारखा जबाबदार असतो, आणि बँकेकडं तक्रार केली की समोरची माणसं बोलणं बंद करून वकील नेमतात. ते पान शेवटी खेळायचं असतं.

नागपूरला तीन बैठका झाल्या. परदेशी भागीदाराचा प्रोजेक्ट मॅनेजर दुसऱ्या बैठकीला आला, डायरी हातात घेऊन पानं उलटत बसला. मराठी त्याला वाचता येत नव्हती, पण आकडे आणि तारखा कळत होत्या. त्यानं एकच प्रश्न विचारला, ही रोज लिहिली आहे का नंतर बसून. भाच्यानं ६ मार्चच्या आठवड्यातलं चिखलानं चिकटलेलं पान दाखवलं. त्यानंतर भारतीय भागीदाराच्या कंत्राट विभागाचा सूर बदलला.

ठरलं ते असं. खड्ड्यापोटी ३४ पैकी २१ लाख, पुढच्या दोन बिलांत विभागून. मुदतवाढ पूर्ण, दंड माफ. पुराचे ११ लाख नाहीत. स्टीलच्या फरकाचं काही नाही, त्यावर त्यांनी चर्चाच केली नाही आणि करार पाहता आम्हालाही फार ताणता आलं नाही. पिअर कॅप, म्हणजे खांबाचा माथा, झाल्यावर गॅरंटी निम्मी. पुढच्या खोदाईसाठी खडक आणि पाण्याखालचं काम यांचे वेगळे दर. आणि एक कलम भाच्यानं सुचवलं म्हणून आलं : वरच्या दाव्यात मुख्य ठेकेदाराला पी-२ साठी २१ लाखांपेक्षा जास्त मिळाले, तर जादा रकमेतला ठरावीक हिस्सा पेटी ठेकेदाराला.

मामाजी या तडजोडीवर नाराज होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. वर्षभर खिशातून घातलेल्या पैशावरचं व्याज कोणी मोजलंच नाही. क्रशरच्या कर्जाचे दोन हप्ते थकले, ते त्यांनी एक टिप्पर विकून भरले. पण गॅरंटी वाचली, आणि ऑक्टोबरात नाल्याचं पाणी ओसरताच काम सुरू झालं. पूल पुढच्या पावसाळ्याच्या आत उघडला.

मुख्य ठेकेदाराचा वरचा दावा सल्लागारानं थोडा मान्य केला, बराचसा कापला. कारण दिलं तेच, खांबाच्या जागी बोअर नाही हे टेंडरच्या वेळी दिसत होतं. मुख्य ठेकेदार तो घेऊन डिस्प्यूट बोर्डाकडं, म्हणजे करारातल्या वाद सोडवणाऱ्या मंडळाकडं, गेला. तिथं खर्चाचा मूळ पुरावा मागितला गेला, आणि साक्षीला भाच्याला बोलावणं आलं, जाण्यायेण्याचं तिकीट मुख्य ठेकेदाराच्या खर्चानं. जादा मिळालं तर हिस्सा आपलाही आहे, त्यामुळं मामाजींनीच त्याला डायरीचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीकडं नेऊन ठेवायला सांगितलंय. म्हाताऱ्याच्या विहिरीची ओळ भाषांतरात ठेवायची का गाळायची, यावर दोघांत वाद चालू आहे. मी ठेवा म्हणालो. मूळ वही समोर आली की ती ओळ दिसणारच, आणि गाळलेली ओळ सापडली तर उरलेल्या पानांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.